अंगणातली सावली

आमच्या गावाकडच्या वाड्यात एक पत्र्याची पेटी आहे. पेटीत जुन्या पत्रिका, लग्नाच्या याद्या, आजोबांची सातबाऱ्याची कागदपत्रं आणि तळाशी फोटोंची पाकिटं. त्यातल्या एका पाकिटात माझ्या काकूचा एक फोटो आहे. कृष्णधवल, कडा नक्षीसारख्या कापलेल्या. काकू तुळशीवृंदावनाशेजारी उभी आहे, डोक्यावर पदर, डोळे उन्हानं बारीक झालेले. विशीतली पोर. पाहणाऱ्याला वाटेल, किती साधा फोटो! पण या फोटोनं काकूला चाळीस वर्षांहून जास्त काळ छळलं.

झालं होतं असं. १६ फेब्रुवारी १९८० या दिवशी मोठं सूर्यग्रहण झालं. खाली कर्नाटकात अंकोला, हुबळी, रायचूर या पट्ट्यात खग्रास, आणि आमच्याकडे खंडग्रास, पण बरंच मोठं. काकूला तेव्हा चौथा महिना लागला होता. ऑगस्टमध्ये चुलतभावाचा जन्म झाला तो वरचा ओठ दुभंगलेला. बाळंतिणीच्या खोलीबाहेर पहिलं वाक्य कोण काय बोललं असेल ते तुम्हीच ओळखा. ‘ग्रहण पाळलं नसणार.’ काकू म्हणाली, मी माजघरातून हलले नाही. तेव्हा कुणीतरी पेटीतून हे पाकीट काढलं. ग्रहणाचे फोटो काढायला म्हणून आत्येभाऊ कॅमेरा घेऊन आला होता, त्याच रोलमधले हे फोटो. एकात काळवंडलेलं अंगण, एकात गच्चीवर काळी काच धरून उभे असलेले काका, आणि एकात, हो ना, अंगणात उभी असलेली काकू! झालं. आणखी काय पुरावा हवा? त्यानंतर प्रत्येक बारशाला, डोहाळजेवणाला, कुणालाही दिवस गेले की आमच्या घरात ती गोष्ट सांगितली जायची. काकू स्वयंपाकघरात असायची आणि तिला ती ऐकू जायची. खोटं कशाला सांगू, माझ्या एका मैत्रिणीला दिवस गेले तेव्हा मीही तिला ती सांगितली आहे.

गेल्या मे महिन्यात आम्ही सगळे वाड्यावर जमलो होतो. माझी भाची शाळेत भूगोल शिकवते. पेटी उघडली, फोटो हातोहात फिरले, आणि नेहमीप्रमाणे कुणीतरी म्हणालं, ‘हा तो ग्रहणातला.’ भाचीनं फोटो खिडकीशी नेला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, ‘मावशी, हा फोटो फेब्रुवारीतला नाही. फेब्रुवारीतला असूच शकत नाही.’

‘कशावरून?’

‘सावलीवरून.’

मग तिनं आम्हाला जे सांगितलं ते मी नंतर शोधून वाचलं, आणि तुम्हालाही सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

अमेरिकेत ॲन्सेल ॲडम्स नावाचे फार मोठे छायाचित्रकार होऊन गेले. न्यू मेक्सिको राज्यातल्या हर्नांडेझ या खेड्याचा त्यांचा एक फोटो जगप्रसिद्ध आहे. वर काळंभोर आकाश, त्यात चंद्र, खाली बर्फाचे डोंगर, छोटंसं देऊळ आणि दफनभूमीतले पांढरे क्रूस, मावळतीच्या उन्हात उजळलेले. गाडीतून जाताना त्यांना हे दिसलं, गाडी थांबवली, धावपळ करून कॅमेरा लावला, तर प्रकाश मोजायचं यंत्रच सापडेना! अंदाजानं एक फोटो घेतला. दुसरा घेईपर्यंत क्रूसांवरचं ऊन गेलं होतं. इतका जपून घेतलेला फोटो, पण तो काढला कधी हे या गृहस्थांच्या लक्षात नाही. कधी १९४० म्हणायचे, कधी १९४१, कधी १९४२, कधी १९४४. (मला हे वाचून फार बरं वाटलं. आपल्याला वाटतं तारखा आपणच विसरतो!)

शेवटी १९८१ च्या सुमारास डेव्हिड एल्मोर या खगोलशास्त्रज्ञानं फोटोतल्या चंद्राची जागा मोजली आणि गणित करून तारीख काढली, ३१ ऑक्टोबर १९४१. सगळ्यांनी मान डोलावली. पण दहा वर्षांनी डेनिस डी चिको नावाच्या दुसऱ्या अभ्यासकानं, कॅमेरा नेमका कुठे उभा होता ते शोधून, पुन्हा गणित मांडलं. तर चंद्र एका दिवसानं चुकत होता! खरी तारीख निघाली १ नोव्हेंबर १९४१, संध्याकाळचे चार वाजून एकोणपन्नास मिनिटं आणि वर वीस सेकंद. एल्मोरनीही नंतर ती मान्य केली. आपल्या पंचांगाच्या हिशेबात ती कार्तिक शुद्ध बारस-तेरस येते.

एका दिवसानं एवढा काय फरक पडतो, असं कुणी पुरुषानं विचारलं तर ठीक आहे. आपण विचारू नये. संकष्टीला ताट वाढून, दारात उभं राहून चंद्राची वाट पाहिलेली बाई आहे मी. चतुर्थीचा चंद्र किती वाजता आणि पंचमीचा किती वाजता, हे आपल्याला भिंतीवरच्या कॅलेंडरनं शिकवलंय. रोज सरासरी पाऊण-एक तास उशीर. त्यात पाऊस असला की शेजारणीच्या गच्चीवरून, तिच्या गच्चीवरून दिसेना तर घड्याळाकडे पाहून नमस्कार. तेव्हा चंद्राच्या जागेवरून तारीख ओळखणं हे आपल्या अंगणातलंच शास्त्र आहे, फक्त आपण त्याला उपास म्हणतो आणि ते लोक संशोधन म्हणतात. लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये ‘ओरायन’ लिहून नक्षत्रांच्या जागांवरून वेदांचा काळ काढायचा प्रयत्न केला. त्यांच्या पंक्तीत बसायची माझी हिंमत नाही. पण वेदांचा काळ आभाळावरून शोधतात, तर आमच्या काकूच्या एका फोटोचा का शोधू नये?

टेक्सासमधले एक प्राध्यापक आहेत, डोनाल्ड ओल्सन. त्यांनी तर हा उद्योगच मांडला. ॲडम्सच्याच दुसऱ्या एका चंद्राच्या फोटोची तारीख त्यांनी काढली, १५ सप्टेंबर १९४८, संध्याकाळी सात वाजून तीन मिनिटं. आणि गंमत म्हणजे चंद्राच्या कला एकोणीस वर्षांनी साधारण त्याच तारखांना परत येतात. एकोणीस त्रिक सत्तावन्न. म्हणजे १५ सप्टेंबर २००५ ला तोच देखावा पुन्हा दिसायला हवा. त्या संध्याकाळी लोक खरोखर कॅमेरे घेऊन योसेमिटीच्या त्या कड्यावर जमले होते.

ओल्सन यांचा आणखी एक शोध मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दुसरं महायुद्ध संपल्याच्या आनंदात न्यूयॉर्कच्या चौकात एक खलाशी पांढऱ्या कपड्यातल्या मुलीचं चुंबन घेतोय, हा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल. १४ ऑगस्ट १९४५. छायाचित्रकार आल्फ्रेड आयझेनस्टाट यांनी त्या दोघांची नावं लिहून घेतली नव्हती. मग पुढं ‘तो मीच’ म्हणणारे कितीतरी पुरुष आणि ‘ती मीच’ म्हणणाऱ्या काही बायका पुढे आल्या. ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोटोतल्या एका इमारतीवर पडलेली समोरच्या हॉटेलची सावली मोजली, जुन्या नकाशांवरून चौकाची छोटी प्रतिकृती केली आणि २०१५ मध्ये सांगितलं की फोटो पाच वाजून एक्कावन्न मिनिटांचा आहे. म्हणजे अध्यक्ष ट्रुमन यांनी सात वाजता अधिकृत घोषणा करण्याच्या तासभर आधीचा! त्या वेळेत काही दावेदारांच्या हकिकती बसेनात.

ती मुलगी म्हणजे ग्रेटा झिमर, असं आता बहुतेक जण मानतात. ती परिचारिका नव्हती, दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. पुढे २००५ मध्ये तिनं एका मुलाखतीत स्पष्ट सांगितलं की ते चुंबन तिनं निवडलेलं नव्हतं, त्या माणसानं तिला एकदम पकडलं होतं. जग साठ वर्षं त्या फोटोला प्रेमाचा फोटो म्हणत राहिलं. घटनेचं मिनीट सावलीनं सांगितलं. बाईला काय वाटलं ते मात्र बाईलाच विचारावं लागलं, आणि ते विचारायला लोकांना साठ वर्षं लागली.

तर, आमचं अंगण.

वाड्याचं तोंड पूर्वेला. दारातून आत पाहिलं की समोर सोपा, मध्ये वृंदावन, डाव्या हाताला म्हणजे दक्षिणेला न्हाणीघर. फोटो दारातून काढलेला आहे. त्यात वृंदावनाची सावली आहे जेमतेम चार बोटं, आणि ती पडलीय न्हाणीघराच्या बाजूला. दक्षिणेकडे! भाचीनं आम्हाला विचारलं, ‘आपल्याकडे सूर्य कुठल्या बाजूनं जातो?’ आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या. हिवाळ्यात तो दक्षिणेकडून जातो, म्हणून तेव्हा पापडाला ऊन उत्तरेच्या भिंतीपाशी मिळतं. सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य दिवसभर दक्षिणेलाच कललेला असतो, म्हणजे सावली कायम थोडी तरी उत्तरेकडे. फेब्रुवारीत सावली न्हाणीघराकडे पडायची असेल तर सूर्याला रस्ता चुकावा लागेल.

आपल्या भागात भरदुपारी सावली दक्षिणेकडे पडते ती फक्त मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून ते जुलैअखेर-ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत. कारण मे महिन्यात एक दिवस सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो. तो शून्य सावलीचा दिवस. कोल्हापूरला आधी, पुण्याला मेच्या मध्याला, नाशिकला आणखी काही दिवसांनी. तिथून तो उत्तरेला सरकतो आणि जुलैत पुन्हा डोक्यावरून परत येतो. शिवाय ग्रहण होतं दुपारचं, साडेतीन-पावणेचारच्या सुमाराला सगळ्यात मोठं. त्या वेळी वृंदावनाची सावली वृंदावनाहूनही लांब असणार आणि दाराकडे, पूर्वेला पडणार. ऊन काकूच्या पाठीमागून आलं असतं, चेहरा काळा दिसला असता. फोटोत तर तिच्या नाकाची सावली ओठावर पडलीय.

आम्ही नुसतं ऐकून थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी साडेबाराला काकूला त्याच जागी उभं केलं. (बाराला नव्हे. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखांशाचं, आपण पश्चिमेला, त्यामुळे आपली खरी दुपार घड्याळातल्या बाराला होत नाही. हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.) तारीख होती २५ मे. वृंदावनाची सावली किती? चार बोटं. कुठे? न्हाणीघराकडे. भाचीनं शेजारी फोटो धरला. कुणी काही बोललं नाही.

मग मे की जुलै? सावलीचा हिशेब दोन्हीकडे सारखाच येतो, २५ मे काय आणि १८ जुलै काय. इथे भाचीचा भूगोल संपला आणि माझ्या आईनं चष्मा पुसला. फोटोच्या कोपऱ्यात, न्हाणीघराच्या भिंतीला लागून, एका खाटेचा पाय आणि धोतराचं टोक दिसतं. इतकी वर्षं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. आई म्हणाली, ‘अगं बायांनो, त्या कुरडया आहेत.’

कुरडया! भिंगातून पाहिलं तर धोतरावर ओळीनं पांढऱ्या चकत्या. आता सांगा, माघात कुरडया कोण घालतं? आणि जुलैच्या पावसात? पाकिटावर स्टुडिओचा शिक्का मार्च १९८० चा. काकूचं लग्न फेब्रुवारी १९७९ चं. तेव्हा रोल महाग, बारा फोटो वर्षभर पुरवायचे, उन्हाळ्यात सुरू केलेला रोल ग्रहणाला संपवून धुवायला दिला. म्हणजे फोटो मे १९७९ चा. ग्रहणाच्या नऊ महिने आधीचा. काकूला तेव्हा दिवससुद्धा गेले नव्हते.

मला सूर्याचं कौतुक वाटलंच, पण जास्त वाईट वाटलं ते कुरडयांचं. आमच्या घरात वाळवण न ओळखणारी एकही बाई नाही. आजी, आत्या, माझी आई, मी. सगळ्यांनी तो फोटो हातात घेतला होता. पण आम्हाला तो ‘ग्रहणातला’ म्हणून दाखवला गेला, आणि आम्ही त्यात फक्त काकूची चूक पाहिली. खाट पाहिलीच नाही.

त्याच रात्री मला आणखी एक आठवलं. भाची सांगत होती की ग्रहण लागलं की पानांमधून पडणारे उन्हाचे ठिपके गोल राहत नाहीत, सूर्याच्या आकाराचे म्हणजे कोरीसारखे होतात. आणि माझ्या अंगावर काटा आला. १९८० मध्ये मी नऊ वर्षांची होते. माजघराच्या खिडकीला गोधडी लावलेली, पाण्याच्या हंड्यावर तुळशीचं पान, आणि वरच्या कौलांच्या फटीतून जमिनीवर एक कवडसा पडला होता. तो नेहमीसारखा गोल नव्हता, चंद्रासारखा होता. तो मला बोटानं कुणी दाखवला? शेजारी मांडी घालून बसलेल्या काकूनं. ‘बघ, सूर्य खाली आलाय,’ असं ती हळूच म्हणाली होती, कारण आजीचा जप चालला होता.

म्हणजे साक्षीदार मीच होते. मला कुणी विचारलं नाही हे खरं. पण मीही कधी सांगितलं नाही. ती आठवण मी ‘गंमत’ या कप्प्यात ठेवली होती आणि काकूची गोष्ट ‘घरातलं’ या कप्प्यात. दोन्ही एकाच दुपारच्या आहेत हे जुळवायला मला एवढी वर्षं लागली.

सकाळी हे सगळं चुलतभावाला सांगितलं. पाचव्या वर्षी शहरातल्या दवाखान्यात त्याच्या ओठावर शस्त्रक्रिया झाली, आता मिशीखाली व्रण दिसतही नाही. मला वाटलं तो खूश होईल. तो म्हणाला, ‘ताई, म्हणजे फोटो फेब्रुवारीतला निघाला असता तर आई दोषी होती का?’

मला उत्तर देता आलं नाही, कारण त्याचं बरोबर होतं. बाळाचा ओठ गर्भात चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, म्हणजे बहुतेक बायकांना पाळी चुकल्याचं नीट कळायच्या सुमारासच. ग्रहणाच्या दिवशी काकूच्या पोटातल्या बाळाचा ओठ केव्हाच तयार झालेला होता. तो का जुळत नाही याला आनुवंशिकता, फॉलिक ॲसिडची कमतरता, काही औषधं, तंबाखूचा धूर अशी कारणं सांगतात, आणि पुष्कळदा नेमकं एक कारण सापडतही नाही. सूर्यापुढून चंद्र गेला याच्याशी त्याचा काही संबंध नाही. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये, हे मात्र गरोदर बाईला, तिच्या नवऱ्याला आणि सासूला सारखंच लागू. काकू भर ग्रहणात अंगणात जाऊन विळीवर भोपळा चिरत बसली असती, तरी तिच्या मुलाचा ओठ तसाच असता.

म्हणून मी या शोधाचा फार डांगोरा पिटू नये, असं मला एक मन सांगतं. बाईनं आपण निर्दोष आहोत हे सूर्याकडून लिहून आणावं, ही काय रीत झाली? पण दुसरं मन म्हणतं, जिला चाळीस वर्षं खोटी ठरवली, ती निदान खरं बोलत होती एवढं तरी घरानं तोंडानं म्हणावं. गर्भाचं शास्त्र घरच्यांना कळेल तेव्हा कळेल.

आणि फोटोंच्या मागे लिहा हो. हे मी अगदी हात जोडून सांगते. आमच्या पेटीतल्या आजोबांच्या प्रत्येक फोटोमागे तारीख, गाव, कोणती सभा, कोण पाहुणे, सगळं आहे. बायकांच्या फोटोमागे काही नाही. फार तर ‘घरची मंडळी’. आता मोबाइलमध्ये तारीख आपोआप येते, तरी तोच फोटो दहा जणांनी पुढे पाठवला की कुठला कुठे जातो आणि जुना दंगा नवा म्हणून फिरतो. बातम्या तपासणारी मंडळी तेव्हा अशाच सावल्या मोजत बसतात. आपल्या घरातले कागदी फोटो काढा, सासूबाई, आई, आत्या आहेत तोवर त्यांना दाखवा, विचारा. नाव लिहा, माहेरचंही लिहा. मऊ पेन्सिलनं लिहा, पेनाची शाई पुढे उमटते.

काकूला आम्ही फोटो परत दिला. तिनं तो जवळ धरला, लांब धरला. सावलीबद्दल ती काहीच बोलली नाही. ‘त्या वर्षी चीक जरा पातळ झाला होता,’ म्हणाली. मग भाचीकडून पेन्सिल घेऊन, फोटो उलटा करून, सावकाश मागे लिहिलं – मे १९७९. माझ्या हातच्या पहिल्या कुरडया.